वाइन क्लबची संध्याकाळ: १४ खुर्च्या, ५ बाटल्या आणि खरा हिशोब



पुण्याच्या बॅचमधल्या एका ताईंनी वर्ग संपल्यावर मला थांबवून विचारलं, "सर, चार लाख साठवलेत. नोकरी सोडते आणि वाइन क्लब सुरू करते. महिन्याला चार टेस्टिंगच्या संध्याकाळी घेतल्या तर घर चालेल ना?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. कारण माझं नाशिकमध्ये चीज आणि ब्रेडचं दुकान आहे, दुकानाच्या जोडीला मी अशा संध्याकाळी घेतो, आणि त्यात एकदा चांगला तोंडावर आपटलोय. व्हिडिओत हिशोब भराभर गेला, म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एका दुकानदाराची गोष्ट

स्टीव्हन स्परियर नावाचा एक इंग्रज माणूस पॅरिसमध्ये वाइनचं छोटं दुकान चालवायचा. जोडीला वाइन शिकवायची शाळाही होती. म्हणजे बघा, दुकानदार आणि ट्रेनर! २४ मे १९७६ रोजी त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलघर हिने एक टेस्टिंग ठेवलं. फ्रान्समधले ९ नावाजलेले जाणकार परीक्षक. समोर फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि त्यांच्यातच मिसळलेल्या कॅलिफोर्नियाच्या, तेव्हा युरोपात फारसं कुणी न विचारणाऱ्या वाइन. कुठल्या ग्लासात काय आहे ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची 'शातो मॉन्टेलिना', आणि लालमध्येही पहिली कॅलिफोर्नियाचीच, 'स्टॅग्ज लीप'. दोन्ही १९७३ च्या. बातमी करायला पत्रकार आला होता एकच, 'टाइम' मासिकाचा. तेवढ्याने जगभर चर्चा झाली.

आपल्यासाठी यात दोन धडे आहेत. एक, लेबल झाकलं की माणूस स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवायला लागतो. दोन, चांगली संध्याकाळ घडवायला मोठं हॉल किंवा मोठं भांडवल लागत नाही. लागते ती मांडणी. कुठली बाटली कुठल्या बाटलीशेजारी ठेवायची, हे ज्याला कळलं त्याचा क्लब चालतो.

ओळखीची आणि अनोळखी: जोडी लावा

माझी पहिली संध्याकाळ मी सगळ्यांच्या आवडीच्या वाइनवर केली. सगळ्या ओळखीच्या बाटल्या, सगळे खूश. पण पुढच्या महिन्यात निम्मे लोक आलेच नाहीत. का येतील? तीच बाटली ते घरी बसून उघडू शकतात.

मग दुसऱ्या वेळी मी उलटं केलं. पाचच्या पाच वाइन अनोळखी. नावं उच्चारताना माझीच जीभ अडखळत होती. लोक गप्प बसले. आपल्याला काही कळत नाही असं वाटलं की गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही, फक्त घड्याळ बघतं.

तिसऱ्या वेळी जमलं. सूत्र सोपं आहे: दोन ओळखीच्या, तीन अनोळखी, आणि प्रत्येक अनोळखी वाइनला ओळखीच्या वाइनचा हात धरायला द्यायचा. काही जोड्या देतो:

- सॉव्हिन्याँ ब्लां आणि ग्रिल्लो. नाशिकला सुलाने सुरुवातीलाच लावलेली द्राक्षं म्हणजे सॉव्हिन्याँ ब्लां आणि शेनिन ब्लां, त्यामुळे ही वाइन बऱ्याच जणांनी प्यायलेली असते. तिच्याशेजारी ठेवा ग्रिल्लो. हे मूळ इटलीतल्या सिसिली बेटावरचं द्राक्ष, पण आपल्या निफाडच्या रेव्हेलोने त्याची वाइन केलेली आहे. सिसिलीचं द्राक्ष निफाडच्या मातीत, हे ऐकूनच लोक खुर्चीत पुढे सरकतात.
- शिराझ आणि सांजोव्हेझे. शिराझ आपल्याकडे लोकप्रिय आहे. सांजोव्हेझे हे इटलीतल्या कियांती वाइनचं मुख्य द्राक्ष. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली त्याची वाइन बनवते. अकलूज म्हटलं की उसाचा पट्टा डोळ्यासमोर येतो, तिथे सांजोव्हेझे!
- शेनिन ब्लां, इकडची आणि तिकडची. द्राक्ष एकच. मूळ फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातलं, पण आज सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत. आपली थोडी गोडसर बाटली आणि आफ्रिकेची कोरडी बाटली शेजारी ठेवली की जागा आणि बनवणारा बदलल्यावर काय बदलतं ते भाषण न देता कळतं.

बाटली बाजारात दर वेळी मिळेलच असं नाही. म्हणून जाहिरात करण्याआधी बाटली हातात असल्याची खात्री करा. "मिळेल हो" या शब्दावर तिकीट विकू नका.

चव सांगायची कशी?

इथे आपली भाषा मस्त कामाला येते. इंग्रजी पुस्तकात गूजबेरी, ब्लॅककरंट असं लिहिलेलं असतं. आपल्यापैकी किती जणांनी ते खाल्लंय? मी सांगतो, सॉव्हिन्याँ ब्लांमध्ये पेरू शोधा, कापलेली ढोबळी मिरची शोधा, ताजं गवत शोधा. शिराझमध्ये काळी मिरी शोधा आणि जांभूळही. लाल वाइनने हिरड्या आखडतात, त्याला 'टॅनिन' म्हणतात. पण आपल्याकडे 'तुरट' हा पक्का शब्द आहे. कडक उकळलेला बिनदुधाचा चहा किंवा कच्चं केळं आठवायला सांगा, झालं काम.

क्रम असा ठेवा: फेसाळ आधी, मग हलकी पांढरी, मग भारी पांढरी किंवा रोझे, मग हलकी लाल, मग भारी लाल, आणि गोड सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर भारी लालनंतर पांढरी पाण्यासारखी लागते. तापमान पण बघा. फेसाळ ६ ते ८ अंश, पांढरी ८ ते १२, लाल १५ ते १८. पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' हे थंड देशातल्या खोलीचं आहे, आपल्या एप्रिलमधल्या खोलीचं नाही. म्हणून लाल वाइनसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच आणा.

खाण्याचं म्हणाल तर सॉव्हिन्याँ ब्लांबरोबर कोथिंबीर वडी छान जाते. तिखट काही द्यायचं असेल तर ते थोड्या गोडसर वाइनबरोबर द्या. तुरट लाल वाइनबरोबर तिखट दिलं की तोंडात आग वाढते. मी एकदा लाल वाइनबरोबर ठेचा ठेवला होता. लोकांनी वाइन सोडली आणि पाणी मागितलं.

आणि टेबलावर पिकदाणी हवीच. आजोबांची पानाची पिकदाणी आठवते ना, तीच कल्पना. जगभर व्यावसायिक टेस्टिंगमध्ये घोट चाखून थुंकतात. पहिल्या घोटाला मी स्वतः थुंकून दाखवतो, मग बाकीच्यांचा संकोच जातो.

आता पैसे: खुर्चीचा हिशोब

बाटली ७५० मिलीची. एका माणसाला एका वाइनचे ५० मिली. म्हणजे कागदावर १५ ग्लास. पण मी १४ च खुर्च्या ठेवतो. उरलेले ५० मिली आपल्या चाचणीसाठी. बाटली खराब निघू शकते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती वाइन द्यायची नाही. ही तपासणी पाहुणे यायच्या आधी व्हायला हवी.

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा:

- ५ बाटल्या, सरासरी २,००० रुपये: १०,००० रुपये
- खाणं, माणशी २५० रुपये: १४ जणांचे ३,५०० रुपये
- छपाई, पाणी, किरकोळ: १,००० रुपये
- तुमचं मानधन: २,५०० रुपये
- एकूण खर्च: १७,००० रुपये

माणशी फी १,५०० रुपये ठेवली तर १४ जणांचे २१,००० रुपये जमतात. शिल्लक ४,००० रुपये. बरं वाटतंय ना?

आता समजा ९ च जण आले. जमा १३,५०० रुपये. खाण्याचा खर्च कमी होऊन २,२५० रुपये झाला. पण बाटली? ९ जणांसाठीही पाचच्या पाच बाटल्या उघडाव्याच लागतात. खर्च झाला १५,७५० रुपये. तोटा २,२५० रुपये.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. उघडलेली बाटली हा पक्का खर्च आहे, मग समोर कितीही माणसं असोत. तुमचा पक्का खर्च १३,५०० रुपये (बाटल्या, किरकोळ आणि मानधन). एका माणसामागे खाणं वजा जाता १,२५० रुपये हातात राहतात. भागाकार करा: १०.८. म्हणजे ११ वी खुर्ची भरेपर्यंत तुम्ही फक्त लोकांना खाऊपिऊ घालताय. धंदा सुरू होतो ११ व्या खुर्चीला.

आणि मानधन हिशोबात धरा. "मी तर घरचाच आहे" म्हणून स्वतःला शून्य रुपये लावणारे लोक दोन वर्षांत थकतात आणि मग धंद्याला दोष देतात.

म्हणूनच 'क्लब' हवा

दर वेळी १४ नवीन माणसं शोधणं महाग आणि दमवणारं असतं. क्लबचा अर्थ एवढाच की ८ खुर्च्या आधीच भरलेल्या आहेत. सभासद सहा संध्याकाळींचे पैसे आगाऊ देतो, त्याला थोडी सवलत, आणि उरलेल्या ६ खुर्च्या पाहुण्यांसाठी. सभासद स्वतःच पाहुणे आणतात.

इथेच माझी चूक झाली. ती सांगतो, कारण ही चूक तुम्ही करू नये म्हणूनच हा लेख आहे.

२०२० च्या सुरुवातीला मी ८ सभासदांकडून सहा संध्याकाळींचे पैसे घेतले. प्रत्येकी ८,००० रुपये, एकूण ६४,०००. हातात एवढे पैसे बघून मी काय केलं? दुकानासाठी नवीन फ्रीज घेतला. दोन संध्याकाळी झाल्या. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. हॉटेलं बंद, दुकान अर्धवट, आणि चार संध्याकाळींचे पैसे माझ्याकडे देणं. हिशोबाने साधारण ४२,६०० रुपये. ते माझ्याकडे नव्हते. फ्रीजमध्ये होते.

एका सभासद काकांचा फोन आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, माझं राहू दे, पण बाकीच्यांना तरी फोन कर. तू फोन उचलत नाहीयेस म्हणे." खरं होतं. आठवडाभर मी फोन टाळत होतो. त्या दिवशी मी आठही जणांना फोन केले आणि महिन्याला दोघांचे, असे चार महिन्यांत पैसे परत केले. त्यासाठी बायकोच्या आवर्त ठेवीला हात लावावा लागला. आजही त्यातले पाच जण क्लबमध्ये आहेत. पैसे परत केले नसते तर क्लबच काय, दुकानही टिकलं नसतं. गाव लहान असतं हो.

तेव्हापासूनचा नियम: आगाऊ आलेला पैसा ही कमाई नाही, ते देणं आहे. वेगळ्या खात्यात ठेवायचा. एक संध्याकाळ पार पडली की एक षष्ठांश आपल्या खात्यात घ्यायचा. बीबीएला 'अनअर्न्ड रेव्हेन्यू' म्हणून मी हेच शिकलो होतो, परीक्षेत मार्कही पडले होते. समजलं मात्र फोन टाळताना.

कायदा: इथे हुशारी नको

महाराष्ट्रात मद्याचा विषय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे येतो. घरी मित्रांना बोलावणं वेगळं आणि पैसे घेऊन वाइन देणं वेगळं. तिकिटात वाइन आली की ती विक्रीच समजा, आणि परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे. "क्लब आहे, वर्गणी आहे" ही पळवाट चालत नाही.

माझी पद्धत सांगतो. वाइन देण्याचा परवाना असलेल्या हॉटेलशी बोलणं करायचं. संध्याकाळ त्यांच्या जागेत होते, वाइन त्यांची, वाइनचं बिलही त्यांचंच. मी पाच बाटल्यांची हमी देतो आणि मार्गदर्शनाची फी वेगळी घेतो. वर हिशोब सोपा जावा म्हणून सगळं एकत्र दाखवलंय. हॉटेलवाल्याला आठवड्यातला रिकामा दिवस भरून मिळतो, म्हणून मी मंगळवार-बुधवार मागतो. दुसरी जागा घ्यायची असेल तर तात्पुरत्या परवान्याबद्दल उत्पादन शुल्क कार्यालयात आधी स्वतः जाऊन विचारा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.

आणखी काही गोष्टी:

- मद्याच्या जाहिरातीवर बंदी आहे. पोस्टरवर बाटली आणि ब्रँड झळकवू नका. मी तोंडी निमंत्रणावर आणि सभासदांच्या यादीवरच चालवतो.
- ड्राय डे पंचांगासारखे आधी बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर आहेतच, शिवाय निवडणुकीच्या वेळचे वेगळे.
- वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिथे हा धंदा नाही म्हणजे नाही.
- वयाची अट कायद्यापेक्षा कडक ठेवा. मी २५ ठेवतो आणि ओळखपत्र बघतो.
- खाणं तुम्ही बनवून देत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, पण तुमची फी आणि खाणं बाहेर नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर सीएशी आधीच बोला.

घरी सुखरूप पोचणं ही आपली जबाबदारी

पाच वाइन, प्रत्येकी ५० मिली, म्हणजे २५० मिली. बाटलीचा एक तृतीयांश भाग. साडेबारा टक्क्यांची वाइन धरली तर सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. सगळे घोट गिळले तर बऱ्याच जणांची ही मर्यादा सहज ओलांडली जाते, चेहऱ्यावर काही दिसत नसलं तरी.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: येताना गाडी आणायची नाही. आणलीच तर किल्ली दारात डब्यात, गाडी उद्या न्यायची. एकदा एका जुन्या सभासदाने "अरे दोन किलोमीटर तर जायचंय" म्हणून वाद घातला. मी किल्ली दिली नाही, रिक्षाचे पैसे मी दिले. ते दोन महिने आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात वहिनींना घेऊन आले, आणि त्यांनी स्वतःच किल्ली डब्यात टाकली. सभासद गेला तर जाऊ दे, पण ही गोष्ट सोडायची नाही. आणि जो पीत नाही त्याला आग्रह नाही. त्याच्यासाठी द्राक्षाचा रस ठेवतो, त्याची फी कमी.

मग कमाई कुठे आहे?

खरं सांगू? फक्त संध्याकाळींवर घर चालणं कठीण आहे. ताईंच्याच प्रश्नाचा हिशोब करू. महिन्याला चार संध्याकाळी, चारही भरलेल्या: शिल्लक १६,००० आणि मानधन १०,०००, एकूण २६,००० रुपये. चारपैकी दोन वेळा ९ च जण आले तर? शिल्लक ३,५०० आणि मानधन १०,०००, म्हणजे १३,५०० रुपये. नोकरी सोडण्याइतका हा आकडा आहे का, तुम्हीच बघा.

माझ्यासाठी हे जमतं कारण मागे दुकान आहे. संध्याकाळी चाखलेलं चीज लोक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मागतात. दिवाळीचे गिफ्ट बॉक्स सभासदांच्या ऑफिसात जातात. टेस्टिंगमुळे माझं गिऱ्हाईक पक्कं होतं, कमाई दुकानातून होते. स्परियरचंही असंच नव्हतं का? दुकान आधी होतं.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. बेकरी, केटरिंग, होमस्टे, द्राक्षबागेजवळची जागा? त्याला जोडून ही संध्याकाळ ठेवा. नुसती संध्याकाळ एकटी उभी करू नका.

ताईंना मी काय सांगितलं

नोकरी सोडू नका. चार लाखांना हात लावू नका. ३०,००० रुपये बाजूला काढा आणि महिन्याला एक अशा तीन संध्याकाळी करा. तिन्ही वेळा ९ च जण आले तरी तोटा ६,७५० रुपये. एवढ्या फीमध्ये कुठलाही कोर्स हे शिकवणार नाही. आणि तिसऱ्या संध्याकाळी एकच गोष्ट मोजा: पहिल्या वेळचे किती जण स्वतःहून परत आले?

मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. पहिल्या संध्याकाळी १० जण आले, तोटा हजार रुपये. शेनिनच्या जोडीवर अर्धा तास वाद रंगला. आणि निघताना ७ जणांनी पुढची तारीख विचारली.

मी उत्तर पाठवलं, "ताई, हजार रुपयांत सात गिऱ्हाइकं. दुसरी तारीख ठरवा. आणि आगाऊ पैसे घेतलेत तर फ्रीज घेऊ नका."